शुक्रवारची चिठ्ठी

एका शुक्रवारी संध्याकाळी माझ्या हातात एक चिठ्ठी होती आणि समोर मायक्रोफोन होता. ती चिठ्ठी मी वाचली नाही. पुढं बरेच दिवस मी स्वतःशी ‘वाचायची राहिली’ असं म्हणत होतो. ते खरं नाही. राहून जाते ती गोष्ट विसरलेली असते. मी विसरलो नव्हतो. चिठ्ठी माझ्या डाव्या हाताखाली होती, तिच्यावरची अक्षरं मला दिसत होती, आणि मी कापसाचे भाव वाचत होतो.

ही चिठ्ठी आणणाऱ्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे. माझ्याबद्दल जेवढं सांगावंच लागेल तेवढं सांगेन.

निजामाचं राज्य होतं. औरंगाबादेत रेडिओचं छोटं स्टेशन होतं, एका जुन्या बंगल्यात. आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओच्या भिंतींना रजया टांगलेल्या होत्या. संध्याकाळी तीन तास कार्यक्रम चाले. बहुतेक उर्दूत, त्यात अर्धा तास मराठी. तो अर्धा तास माझा. मी चोविशीचा होतो, नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि रस्त्यात कुणी माझा आवाज ओळखला की घरी जाईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नसत.

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी एक पन्नाशीचा माणूस सायकल भिंतीला टेकवून थेट माझ्या टेबलाशी आला. विटलेली शेरवानी, डोक्यावर टोपी, एका पायाला विजारीवर बांधलेली सुतळी. त्यानं वहीचा चौकोनी फाडलेला कागद माझ्यापुढं ठेवला.

“मी शेख करीम. पावसाच्या नोंदी ठेवतो. ही आजची.”

कागदावर पेन्सिलीनं, शिरोरेघ न ओढता लिहिलं होतं : ‘पाऊस नाही. वारा पश्चिमेचा. उद्याही नाही.’

“नाही तर नाही,” मी म्हणालो. “त्याची चिठ्ठी कशाला?”

“नाही हेसुद्धा कुणीतरी बघून सांगावं लागतं, साब.”

करीमभाई मूळचे गंगापूरचे. मराठी शाळेत शिकलेले, घरात दख्खनी, कचेरीत उर्दू आणि शेतकऱ्याशी बोलताना आमच्यापेक्षा अस्सल मराठवाडी. शहराबाहेर एका सरकारी बागेच्या कोपऱ्यात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी आठला ते तिथं जात. मी एकदा मुद्दाम त्यांच्यासोबत गेलो. वैशाख होता, महिनाभर थेंब पडला नव्हता. तरी त्यांनी झाकण काढलं, आतली बाटली उचलली, काचेच्या मापात उलटी केली आणि मग ते माप सपाट दगडावर ठेवून मातीत गुडघे टेकून त्याच्याशी डोळा नेला. रिकाम्या मापाकडे ते एवढा वेळ बघत राहिले की मीही वाकलो.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“काहीच नाय.”

“मग उठा की.”

“उठतो. खात्री होऊ द्या.”

त्यांच्या खिशात नेहमी पेन्सिल असे. शाई पावसात पसरते आणि नेमकी ज्या दिवशी नोंद महत्त्वाची त्याच दिवशी ती पुसली जाते, असं त्यांचं म्हणणं. छत्री त्यांच्याकडं नव्हती. भिजले तर बंगल्याच्या पायरीवर उभं राहून आधी टोपी पिळत, मग आत येत आणि खिशातून मेणकापडात गुंडाळलेली चिठ्ठी कोरडीठाक काढत.

रोशन गेटजवळ एका खोलीत ते एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ते हे कधी बोलून दाखवत नसत. मीच एकदा विचारलं, “घरी कोण असतं?”

“मी, अन् शेजाऱ्याची एक कोंबडी. पाऊस यायचा असला की ती माझ्या खोलीत येऊन बसते. लई चांगला अंदाज आहे तिचा. सरकारनं तिलाच ठेवायला पाहिजे होतं.”

पण त्यांचा एकटेपणा मला दिसला तो शहागंजच्या हॉटेलात. तिथं रेडिओ होता. माझ्या सुट्टीच्या दिवशी माझ्या जागी दुसरा वाचणारा असे; अशाच एका सुट्टीला ते मला तिथं घेऊन गेले. ते रोजच जात. रेडिओच्या अगदी खालची खुर्ची धरून बसत आणि आपलीच चिठ्ठी ऐकत. त्या दिवशी गाणं संपलं, हवापाण्याची खबर सुरू झाली, आणि सगळं हॉटेल एकदम बोलायला लागलं. गाण्यासाठी गप्प बसलेली माणसं तेवढ्यात चहा मागवून घेत होती.

करीमभाईंनी मालकाला खूण केली. “दोन मिनिटं कपबशा थांबवा, भई.”

“करीमभाई, तुमचं आभाळ रोज आहे,” मालक म्हणाला. “माझं गिऱ्हाईक रोज नाही.”

दोन-चार जण हसले. करीमभाईही हसले. मग मान रेडिओकडं वळवून ऐकत राहिले. त्या भरल्या हॉटेलात ऐकणारे ते एकटेच होते. खबर संपल्यावर त्यांनी हलकेच मान डोलावली, जसं कुणी पोचपावती द्यावी.

बाहेर आल्यावर म्हणाले, “शहरातल्या माणसाला काय. डोक्यावर छत आहे. आपण वाचतो ते नदीकाठच्या माणसासाठी. तिथं प्रत्येक चावडीत सरकारनं रेडिओ दिलाय. पण खेडकरसाब, तुम्ही लई गोड वाचता.”

“मग?”

“पाणी येतंय हे गोड नाय वाचायचं. आधी गावाचं नाव घ्या. आपल्या गावाचं नाव ऐकल्याशिवाय माणूस कान देत नाय. मग पाणी किती ते. मग गुरं कुठं न्यायची ते. मग परत गावाचं नाव. अन् वाचून झालं की लगेच सनई लावू नका. माणसाला उठायला वेळ द्या.”

मला ते तेव्हा लागलं. मी त्यांना ‘बघतो’ म्हणालो. अवघड काही आलं की ‘मी बघतो’ म्हणायची मला सवय होती.

आता नदीचं सांगतो. गोदावरी आमच्याकडं यायच्या आधी इंग्रजांच्या मुलखातून येते. तिकडं घाटात पाऊस कोसळत असतो तेव्हा इकडं गंगापूर तालुक्यात कडक ऊन असू शकतं. आभाळाकडं बघून काहीच कळत नाही. करीमभाईंनी वरच्या अंगाला नदीची पातळी मोजणाऱ्या एका माणसाशी ओळख काढली होती. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. पाणी चढलं की तो माणूस औरंगाबादच्या रेल्वे स्टेशनवर तार करायचा आणि करीमभाई ती तार घेऊन सायकलवर आमच्याकडं यायचे. वरचं पाणी आमच्या नदीकाठी पोचायला एक रात्र लागे. या एका रात्रीत काय सांगता येईल तेवढंच आमच्या हातात होतं.

गंगापूरच्या खाली नदीकाठी एक गाव आहे. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथली जमीन थोडी, पण नदीच्या पात्रात गाळाची मोठी मळई होती; गवत भरपूर. भाद्रपदात उघडीप पडली की गावातली माणसं बैल घेऊन मळईवर राहायला जात. त्यासाठी गावाची एक जुनी रीत होती : दोन माणसांनी पाळीनं रात्रभर काठावर जागायचं, पाण्याचा आवाज बदलला की हाळी द्यायची. पहाराच म्हणत त्याला.

त्या वर्षी भाद्रपदाच्या सुरुवातीला तार आली : मोठं पाणी. करीमभाईंनी चिठ्ठी आणली, मी वाचली. या वेळी गावाचं नाव आधी घेतलं, दोनदा घेतलं. गावानं रेडिओ ऐकला, गुरं सोडली, धान्याची पोती उचलली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळे टेकडीवरच्या देवळात जाऊन बसले. रात्रभर बारीक पाऊस लागला. सकाळी पाहिलं तर नदी हातभरच चढली होती. वरती कुठंतरी पाणी पसरून गेलं होतं.

तक्रार तहसिलात गेली, तहसिलातून सुभेदारीत. आमच्या स्टेशनच्या प्रमुखांना, म्हणजे मोहतमीमसाहेबांना, चार लोकांत ऐकून घ्यावं लागलं. करीमभाईंना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “कचेरीचं नंतर बघू. आधी गावात जाऊन येऊ. चला तुम्हीबी. आवाज तुमचा होता.”

आम्ही गेलो. चावडीपुढं माणसं जमली होती. पाटील बसायला सांगायच्या आधीच एक म्हातारी पुढं आली. भागाबाई तिचं नाव. तिचा मुलगा किसन बैल घेऊन मळईवर राहणाऱ्यांतला.

“ह्योच का रेडिओ?” तिनं माझ्याकडं बोट करून विचारलं.

“व्हय, ह्येच,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“बाबा, तू मला डोंगरावर चढवलंस. उतरताना तुझा आवाज कुठं गेला व्हता? किसन्यानं पाठीवर आणली मला, दोनदा आपटली.”

सगळे हसले. किसन मागं उभा होता. तोही खाली मान घालून हसत होता. करीमभाई हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, आणि भागाबाईपुढं उभं राहून म्हणाले, “माय, चूक झाली. पाणी येणार असं वाटलं, नाय आलं. तुम्हाला तरास झाला. माफ करा.”

“नाय आलं त्ये बरंच की,” म्हातारी म्हणाली. “सांगत जा तू. धा येळा खोटं ठरलं तरी सांगत जा.”

पाटलांनी विचारलं, “मग करीमभाई, पहाऱ्याचं काय करायचं? पोरं म्हणत्यात, आता रेडिओ आलाय, रातभर डास कशाला खायाचे.”

करीमभाई त्या वेळी फार खूश होते. आपलं कुणीतरी ऐकलं, ऐकून रात्रभर पावसात बसलं, आणि वर सांगत जा म्हणालं. शहागंजच्या हॉटेलात त्यांना हे कधी मिळालं नव्हतं. ते म्हणाले, “पहारा कशाला? पाणी येणार असंल तर रेडिओ सांगंल. सांगितलं नाय, तर निवांत झोपा. माझा शब्द आहे.”

परतताना सायकलीवर ते रस्ताभर बोलत होते. त्यांना एवढं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

दोन दिवसांनी मोहतमीमसाहेबांचा हुकूम निघाला : त्यांच्या सहीशिवाय हवापाण्याची कोणतीही इशाऱ्याची खबर वाचायची नाही. मला वेगळा कागद मिळाला. पुन्हा असं झालं तर नोकरी कायम करण्याचा विचार होणार नाही, असं त्यात होतं.

करीमभाई साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. मी तिथंच होतो.

“जनाब, सही मी घेत जाईन. पण जुम्म्याला?”

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. कचेऱ्या, तहसिली, सगळं बंद. रेडिओ मात्र शुक्रवारीही चाले. उलट त्या दिवशी ऐकणारे जास्त. साहेब मात्र येत नसत.

“करीम,” साहेब कागदावरून नजर न उचलता म्हणाले, “पाण्यालाही जुम्म्याची सुट्टी असते.”

“इंग्रजांच्या मुलखात सुट्टी इतवारची असते, जनाब. पाणी तिकडून येतं.”

साहेबांनी वर पाहिलं. करीमभाई सलाम करून बाहेर आले. त्यांनी हे चुरचुरीत उत्तर म्हणून दिलं नव्हतं. त्यांना खरंच विचारायचं होतं.

आणि महिना संपायच्या आत शुक्रवारीच तार आली.

दुपार कलली होती. लख्ख ऊन होतं. करीमभाई आत आले तेव्हा शेरवानी पाठीला चिकटलेली. त्यांनी तार आणि चिठ्ठी दोन्ही पुढं ठेवली. “मागच्यापेक्षा मोठं आहे. वरच्या बंधाऱ्यावरून चाललंय. पहाटेपर्यंत येईल.”

“सही?”

“साहेब खुलताबादला गेलेत, सगळ्या घरासकट. उद्या येणार. मी घरी जाऊन आलो.”

“तहसिलीला तार करा की.”

“आज जुम्मा. तार घेईल कोण अन् फोडील कोण? फक्त तुमचं दार उघडं आहे, खेडकरसाब.”

मी चिठ्ठी वाचली. गावाचं नाव आधी होतं. मग पाणी. मग : ‘मळईवरची माणसं आणि बैल लगेच काठावर आणा.’ मग परत गावाचं नाव. पेन्सिल दाबून लिहिलं होतं, कागद मागून उठला होता.

मी म्हणालो, “मी बघतो.”

त्यांना ते पुरलं. “बघा म्हणजे,” ते म्हणाले, “वाचाच. उद्या साहेबांचं जे असेल ते माझ्यावर घ्या. मी स्टेशनवर जाऊन बसतो, दुसरी तार यायची आहे.” आणि ते गेले. रेल्वेच्या तारघरात रेडिओ नव्हता. मी वाचलं की नाही हे त्यांना कळणार नव्हतं, हे मला त्या क्षणी ठाऊक होतं.

मराठी कार्यक्रम सुरू झाला. भजन, मग कापसाचे भाव, मग शेतीवर एक भाषण. भाषण दोन मिनिटं आधी संपलं. आतल्या तंत्रज्ञानं काचेतून मला विचारलं, काय करू? दोन मिनिटं रिकामी होती. ती चिठ्ठी वाचायला एक मिनिटही लागलं नसतं. मला तो कागद आठवला, ज्यात माझ्या नोकरीचं होतं. मागच्या वेळी पाणी आलं नव्हतं, आताही येणार नाही, असंही मी स्वतःला सांगितलं. भागाबाई ‘धा येळा खोटं ठरलं तरी’ म्हणाली होती हेही आठवलं. मी बोटानं खूण केली : सनई लाव.

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली. पहाटे पाणी एकदम चढलं होतं. मळईवर अकरा माणसं होती. दहा पोहत, बैलांची शेपटं धरून काठाला लागली. किसन बैलांची दावी कापत मागं राहिला. त्याचं प्रेत दोन दिवसांनी खालच्या अंगाला सापडलं.

पाटील म्हणे तहसीलदारासमोर एवढंच म्हणाले, “रेडिओनं नाय सांगितलं. म्हणून झोपलो.”

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेबांनी मला विचारलं, “चिठ्ठी आली होती?”

मी म्हणालो, “नाही.”

करीमभाई माझ्या शेजारी उभे होते. “दिली होती, जनाब. यांच्या हातात दिली.”

“माझ्या हातात नाही. दुसऱ्या कुणाकडं ठेवली असेल तर मला माहीत नाही.”

आता मला वाटतं, साहेबांना खरं काय ते कळलं असावं. पण चिठ्ठी आली होती असं ठरलं असतं तर ती सहीसाठी अडली होती असं ठरलं असतं, आणि सही त्यांची होती. चिठ्ठी आलीच नाही, हे आम्हा दोघांनाही बरं होतं.

करीमभाई साहेबांकडं बघत नव्हते. माझ्याकडं वळून त्यांनी साध्या आवाजात विचारलं, “खेडकरसाब, मी बघतो म्हणालात ना?”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यांची बदली सोयगावला झाली, डोंगराच्या पलीकडं, तहसिलीच्या आवारातल्या पर्जन्यमापकावर. नदीचं काम काढून घेतलं. माझी नोकरी मार्गशीर्षात कायम झाली. चिठ्ठी मी घरी ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी ठेवली होती. फाडून टाकायचं धैर्यही मला झालं नाही.

बदलीनंतर आठवड्याभरानं टपालात एक चौकोनी कागद आला. पेन्सिलीचं अक्षर. ‘सोयगाव. पाऊस नाही. वारा उत्तरेचा.’ तीन दिवसांपूर्वीची तारीख. दुसऱ्या दिवशी आणखी एक. त्यानंतर रोज एक. खाली नाव नसे, माझ्यासाठी एक शब्द नसे. शिव्या असत्या तर बरं झालं असतं. तीन दिवसांपूर्वीचं आभाळ घेऊन मी काय करणार होतो. टपालाचा चपराशी हसायचा : “आलं बघा तुमचं शिळं ऊन.” मी ते कागद एका खोक्यात टाकत गेलो. थंडी गेली, उन्हाळा गेला, पावसाळा आला आणि गेला. कागद येत राहिले. ‘पाऊस नाही’ असे कितीतरी. मी रजया टांगलेल्या खोलीत एकटा बसून वाचत होतो. पूर्वी मायक्रोफोनपुढं बसलं की शेकडो चावड्या मला समोर दिसत. आता समोर कुणीच दिसत नसे. एकच माणूस मन लावून ऐकायचा, आणि त्याला मी घालवला होता.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी मी सोयगावला गेलो.

सकाळचे आठ वाजत होते. तहसिलीच्या आवारात ते गुडघ्यांवर बसले होते, डोळा मापाशी. मी मागं उभा राहिलो. नोंद लिहून झाल्यावर ते उठले, मला पाहिलं, आणि ओळख दाखवायलाही थोडा वेळ घेतला. फार वाळले होते.

“या. चहा घ्या.”

त्यांच्या खोलीत एक बाज, एक चूल, आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली सायकलची ट्यूब. सायकल विकली होती. “इथं कुठं जायचं आहे,” ते म्हणाले. त्यांनी चुलीवर चहा केला. मग मी सगळं बोललो. चिठ्ठी, दोन मिनिटं, सनई. चौकशीत खोटं बोललो. माफ करा.

त्यांनी बशीतला चहा संपवला.

“हे मला माहीत होतं,” ते म्हणाले. “जे मला माहीत आहे ते मलाच सांगायला एवढ्या दूर आलात?”

मी बशी खाली ठेवली.

“त्या गावाला वाटतं, करीम झोपला. मी गेलो नाय तिकडं. बदलीच्या आधी निघालो होतो, गंगापूरपर्यंत गेलो, अन् परत आलो. काय तोंडानं जाऊ? पहारा कुणी बंद केला? मी. तुमच्या नोकरीचं मला समजतं, खेडकरसाब. तुम्ही लहान होतात, घाबरलात. पण मी काय म्हणून त्यांचा पहारा उठवला? तो माझा हक्क नव्हता. रेडिओनं सांगायचं, अन् त्यांनीबी जागायचं. असं पाहिजे होतं.” मग म्हणाले, “माझी माफी मी माझी मागीन. तुमची तुम्ही मागा. ज्यांना ठाऊक नाय त्यांच्याकडं.”

“तुम्ही येता?”

“जुम्म्याला सुट्टी असते,” ते म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गंगापूरच्या मोटारीतून उतरून नदीकाठानं चालत गेलो. ते माझ्या पुढं पाच-सहा पावलं चालत होते. वाटभर तेवढंच अंतर ठेवलं. चावडीत पाटील होते, मळईवरून वाचलेले काही होते. रेडिओची पेटी कुलूपबंद होती. करीमभाईंना पाहून कुणी उठलं नाही, कुणी जा असंही म्हटलं नाही. एकानं विचारलं, “आता काय सांगायला आला?” करीमभाईंनी आधी आपलं सांगितलं, दोन वाक्यांत : पहारा उठवायला नको होता, शब्द द्यायला नको होता. मग ते भिंतीकडेला खाली बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि डोळे मिटून घेतले. मला त्यांचं शेवटचं रूप आठवतं ते हेच. त्याच पावसाळ्यात सोयगावचे कागद यायचे थांबले, आणि तहसिलीला विचारल्यावर कळलं की ते तापानं गेले, जवळ कुणी नव्हतं.

भागाबाईला बोलावून आणलं होतं. ती उंबऱ्याशी बसली. मी नियमापासून सुरुवात केली. सही लागते, त्या दिवशी साहेब नव्हते, असं. पाटील म्हणाले, “साहेब, म्हातारीला त्यातलं काय कळतंय. तिच्याकडं बघून बोला.”

मी तिच्याकडं वळलो आणि म्हणालो, “आजी, करीमभाई झोपले नव्हते. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात आणून दिली होती. किसनला मळईवरून आणा, असंच तिच्यात होतं. नोकरीच्या भीतीनं मी ती वाचली नाही, आणि नंतर ती आलीच नाही असं खोटं सांगितलं. तुमचा मुलगा माझ्यामुळं गेला. मला माफ करा, असं म्हणायचाही मला हक्क नाही, पण ते म्हणायलाच मी आलोय.”